चौकांतील कला आणि नगराची थैली

कलेला राजाश्रय लागतो असें म्हणण्याची आपल्याकडे जुनी रीत आहे. ह्या शब्दांत एक मोठी सोय आहे. राजाला चित्र आवडलें कीं त्यानें थैली सोडावी. ज्याची आवड त्याचाच खजिना, मग विचारणारा कोण? परंतु राजा जाऊन त्याच्या जागीं नगरपालिका आली, म्हणजे हा सरळ व्यवहार एकाएकीं अवघड होऊन बसतो. तिजोरींतला पैसा पट्टी भरणाऱ्यांचा. चित्र काढणारा एक, तें पसंत करणारी समिति दुसरी, आणि रोज सकाळीं कामावर जातांना तें निमूटपणें पाहणारा माणूस तिसराच. ह्या तिघांचा मेळ कसा घालावा ह्याचे अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत विसाव्या शतकांत पुष्कळ प्रयोग झाले. त्यांतले कांहीं भव्य होते व त्यांची कीर्तिही झाली. पण ह्या प्रश्नाला सर्वांत हुशारीचें उत्तर सांपडलें तें एका किरकोळ दिसणाऱ्या योजनेंत. देशाच्या वायव्य कोपऱ्यांतील सिअॅटल शहरानें ती काढली, आणि तिचें सर्वांत प्रसिद्ध फळ म्हणजे पुलाखालीं बसलेला एक काँक्रीटचा राक्षस.

त्या राक्षसापर्यंत पोंचण्यापूर्वीं थोडें मागें जाणें भाग आहे. १९३३ सालच्या मे महिन्यांत जॉर्ज बिडल् ह्या चित्रकारानें अध्यक्ष रूझवेल्ट ह्यांना एक पत्र धाडलें. दोघे एका शाळेंतले. मंदीचा तो कठीण काळ होता आणि सुतार, गवंडी जेथें बेकार, तेथें चित्रकाराला कोण पुसतो? बिडलनें दाखला दिला तो शेजारच्या मेक्सिकोचा. तेथें ओब्रेगॉन हे अध्यक्ष असतांना तरुण चित्रकारांना नळ जोडणाऱ्या कारागिराइतक्या मजुरीवर सरकारी इमारतींच्या भिंती रंगवावयास दिल्या होत्या, आणि त्या मजुरींतून भित्तिचित्रांची एक थोर परंपरा उभी राहिली होती. अमेरिकेनेंही तसेंच करून पाहावें अशी त्याची सूचना होती. कलावंताला पारितोषिक नव्हे, मानधनही नव्हे, तर मजुरी द्यावी, हा त्या पत्राचा खरा गाभा होय.

रूझवेल्ट ह्यांच्या सरकारनें ती सूचना उचलली. डिसेंबर १९३३ पासून पुढच्या जूनपर्यंत खजिना खात्यामार्फत एक योजना चालली. तिचा सूत्रधार एडवर्ड ब्रूस हा वकिली आणि व्यापार करून पुढें चित्रकलेकडे वळलेला गृहस्थ होता. आठवड्याला २६ डॉलर ५० सेंट ते ४२ डॉलर ५० सेंट अशा पगारावर सुमारे ३,७०० कलावंत कामाला लागले आणि इतक्या थोड्या महिन्यांत त्यांच्या हातून पंधरा हजारांवर कृति तयार झाल्या.

त्यांतलें सर्वांत गाजलेलें काम सॅन फ्रॅन्सिस्कोचें. त्या शहरांत लिली कॉइट नांवाची एक धनाढ्य बाई होऊन गेली. आगीच्या बंबाचें तिला विलक्षण वेड. १९२९ सालीं ती वारली तेव्हां तिनें आपल्या संपत्तीचा तिसरा हिस्सा शहराच्या सुशोभनासाठीं ठेवला होता. त्या पैशांतून टेकडीवर २१० फूट उंचीचा एक मनोरा १९३३ सालीं उभा राहिला. आंतल्या भिंती कोऱ्या होत्या. त्या ह्या योजनेंतील पंचवीसांवर चित्रकारांच्या हवालीं झाल्या. ओल्या गिलाव्यावर त्यांनीं शहरांतली गर्दी, संत्र्यांचे मळे, गोदी, कारखाने, ग्रंथालय असें चालतें-बोलतें कॅलिफोर्निया रेखाटलें. ग्रंथालयाच्या चित्रांत एक वाचक कपाटांतून मार्क्सचा ग्रंथ काढतांना दाखविला होता, आणि क्लिफर्ड वाइट् ह्या चित्रकारानें एका खिडकीच्या वर हातोडा-विळाच काढून ठेवला. तशांत १९३४ च्या मे महिन्यांत गोदी कामगारांचा संप सुरू झाला आणि ५ जुलैला गोळीबार होऊन माणसें मेलीं. अशा दिवसांत तो हातोडा-विळा अधिकाऱ्यांच्या डोळ्यांत सलला नसता तरच नवल. मनोऱ्याला कुलूप लागलें. शेवटीं वाइटची ती खूण पुसली गेली आणि ऑक्टोबरांत दारें उघडलीं.

ह्या भांडणांत एक पक्ष सरकारचा, दुसरा चित्रकारांचा. टेकडीच्या पायथ्याशीं राहणाऱ्या लोकांना मात्र, ह्या भिंतींवर काय असावें, असें कोणी पुसलें नव्हतें. चित्रें निघण्यापूर्वीं पुसलें नाहीं, आणि खूण पुसतांनाही पुसलें नाहीं.

पुढें ऑक्टोबर १९३४ पासून ब्रूसच्याच हाताखालीं दुसरी शाखा निघाली. तिनें गांवोगांवच्या नव्या पोस्ट कचेऱ्यांच्या भिंती चित्रांनीं सजविल्या. येथें मजुरीची पद्धत सोडून स्पर्धेची घेतली. नमुन्यांवर नांव नसे, नांव बंद पाकिटांत असे. पद्धत निःपक्षपाती होती ह्यांत शंका नाहीं. पण निवड करणारे डोळे बहुधा दूर वॉशिंग्टनचे, आणि चित्र लटकायचें त्या गांवीं. १९४१ सालीं ओक्लाहोमा राज्यांतील वॉटोंगा ह्या गांवच्या पोस्टांत चेयेन जमातीच्या एका थोर नायकाचें चित्र लागलें. त्याच जमातीचे लोक तेथें राहत. त्यांनीं तें पाहिलें आणि पोस्टासमोर निदर्शनें केलीं. आमचा नायक नव्हाहो जमातीचा दिसतो, आणि चित्रांतलें मूल तर डुकराच्या पिलासारखें, अशी त्यांची तक्रार होती. कलासमीक्षकांना हंसूं आलें असेल. परंतु ज्याच्या आजोबाचें चित्र काढावयाचें त्याला दोन शब्द विचारण्याची सोय कोणत्याही बंद पाकिटांत नव्हती, ही गोष्ट हंसण्यावारी नेण्याजोगी नाहीं.

युद्धामुळें १९४३ सालीं ही शाखा बंद पडली. त्यानंतर शहरांनीं हा विषय आपल्या हातीं घेतला. १९५९ सालीं फिलाडेल्फिया शहरानें असा दंडक घातला कीं, सार्वजनिक इमारतीच्या खर्चांतला शेंकडा एक हिस्सा कलेसाठीं काढावयाचा. ही शेंकडा एकाची कल्पना पुढें अनेक शहरांनीं घेतली. सिअॅटलनें १९७३ सालीं. ती सोपी आहे, दरसाल वाद घालावा लागत नाहीं, आणि तिच्यामुळें अमेरिकेंतील शहरांना शेंकडों शिल्पें लाभलीं. मात्र तिच्यांत एक गोम आहे. जेथें इमारत उठते तेथें कला येते. ज्या वस्तींत वीस वर्षांत सरकारी वीटही पडली नाहीं तेथें शेंकडा एक म्हणजे शून्याचा शेंकडा एक.

निवडीचा जुना प्रश्नही त्यानें सुटला नाहीं. तो किती पेटूं शकतो तें न्यू यॉर्कमध्यें दिसलें. तेथें मध्यवर्ती सरकारच्या अशाच एका योजनेखालीं १९८१ सालीं रिचर्ड सेरा ह्या नामांकित शिल्पकाराची एक कृति सरकारी कचेऱ्यांपुढील चौकांत उभी राहिली : १२० फूट लांब, १२ फूट उंच, गंजल्या रंगाची पोलादी भिंत, किंचित् कललेली. तज्ज्ञांनीं निवडलेली, पावणेदोन लाख डॉलर खर्चाची. कचेरींत काम करणाऱ्यांना ती वाटेंतली धोंड वाटली. मधल्या सुटींत बसावयाचा चौकच तिनें दुभंगला होता. मार्च १९८५ मध्यें सुनावणी झाली. १८० जण बोलले. १२२ जणांनीं ती राहावी म्हटलें, ५८ जणांनीं जावी म्हटलें, आणि मंडळानें चार विरुद्ध एक मतानें जावी असा निकाल दिला. सेरानें कोर्टांत दाद मागितली, ती लागली नाहीं. १५ मार्च १९८९ च्या रात्रीं कामगारांनीं तिचे तुकडे करून ती उचलून नेली.

येथें कोणाचा पक्ष घ्यावा? सेराचें शिल्प कच्चें नव्हतें. त्याच्या ताकदीबद्दल जाणत्यांत दुमत नाहीं. आणि भाकरीचा डबा घेऊन उन्हांत बसूं पाहणारा कारकूनही चुकला नव्हता. चूक झाली होती ती क्रमाची. शिल्प आधीं आलें आणि संवाद चार वर्षांनीं, तोही न्यायासनापुढें होतो तशा थाटाचा.

ज्या वर्षीं न्यू यॉर्कमध्यें ती भिंत उतरली त्याच वर्षीं तीन हजार मैलांवर सिअॅटलमध्यें एका नव्या निधीचें पहिलें वाटप होत होतें. महापौर चार्ल्स रॉयर ह्यांच्या कारकीर्दींत १९८८ सालीं तेथें वस्त्यांचें एक स्वतंत्र खातें निघालें. त्यावर जिम डायर्स ह्या गृहस्थाची नेमणूक झाली. हा कचेरींत वाढलेला माणूस नव्हे. गरीब वस्त्यांत लोकांची संघटना करून नगरपालिकेशींच भांडण्यांत त्याची उमेद गेली होती. अशा माणसाला खुर्ची देणें ह्यांत रॉयर ह्यांचें धारिष्ट म्हणावें कीं धूर्तपणा, हा ज्याचा त्याचा प्रश्न. पहिल्या वर्षीं निधींत अवघे दीड लाख डॉलर होते, म्हणजे न्यू यॉर्कच्या त्या एका भिंतीच्या किंमतीहूनही कमी. आणि तेवढ्यांत साऱ्या शहराचें भागवावयाचें होतें.

निधीचा नियम थोडक्यांत असा : वस्तींतल्या शेजाऱ्यांनीं एकत्र येऊन एखादें काम सुचवावें, तें ठराविक मुदतींत पुरें होणारें असावें, आणि नगरपालिका जेवढे पैसे देईल तेवढाच वांटा वस्तीनेंही घालावा. मात्र हा वांटा रोख असलाच पाहिजे असें नाहीं. कोणी सिमेंट दिलें, त्याची किंमत धरावी. वास्तुशास्त्रज्ञानें नकाशा फुकट काढून दिला, त्याची धरावी. आणि कांहींच नसलेल्यानें शनिवारीं येऊन फावडें चालविलें, तर त्याच्या तासांचाही ठरलेल्या दरानें हिशेब करून तो जमेस धरावा. अर्जांची छाननी करणाऱ्यांत वस्त्यांचे प्रतिनिधि असत. त्यांच्या शिफारशीवर महापौर आणि नगरसभा ह्यांनीं मोहर उठवावयाची.

ह्या नियमाचा चमत्कार त्याच्या उदारपणांत नाहीं, उलट चिकटपणांत आहे. नगरपालिका अर्धेंच देते. उरलेलें अर्धें मिळवावयाचें तर अर्ज करणाऱ्याला दारोदार हिंडावें लागतें. हिंडतांना प्रत्येक दारांत तें चित्र, तो पुतळा, ती बाग ह्यांविषयीं बोलावें लागतें. कोणी नाक मुरडतो, कोणी सुधारणा सुचवितो, कोणी म्हणतो कीं पैसे नाहींत पण माझा मुलगा येईल. न्यू यॉर्कमध्यें चार वर्षें उशिरानें आणि वकिलांच्या साक्षीनें झालेला संवाद येथें पहिली वीट बसण्यापूर्वींच, ओट्यावर उभ्या उभ्या, होऊन जातो. ज्या कामावर कोणीच तास घालावयास तयार नाहीं तें काम आपोआप गळतें. त्याला नाकारण्याचा वाईटपणा कोणा समितीला घ्यावा लागत नाहीं.

आतां त्या राक्षसाकडे वळावयास हरकत नाहीं. सिअॅटलच्या मध्यभागाच्या उत्तरेस, पाण्यापलीकडे, फ्रिमॉण्ट नांवाची वस्ती आहे. तेथें चित्रकार, मूर्तिकार, विद्यार्थी अशी हौशी पण कडकी मंडळी फार. विनोदाचें अंगही ह्या वस्तीला मूळचेंच. १९७०-८० च्या दशकाच्या अखेरीस तेथें रिचर्ड बायर ह्या शिल्पकाराचा अॅल्युमिनियमचा एक पुतळेसमूह बसविला गेला : सहा माणसें आणि एक कुत्रा ट्रामगाडीची वाट पाहत उभीं आहेत. ज्या गाडीची तीं वाट पाहतात ती १९३९ सालींच बंद पडली! थंडी पडली कीं रहिवासी ह्या पुतळ्यांना गळपट्टे गुंडाळतात, कोणाचा वाढदिवस असला कीं टोप्या घालतात. आपल्या मालकीच्या वस्तूशींच माणूस असा खेळतो.

ह्याच वस्तीवरून १९३२ सालीं बांधलेला एक उंच पूल जातो. पुलाच्या उत्तर टोकाखालची अंधारी जागा कचरा टाकण्याच्या आणि अफू-गांजाच्या गुप्त व्यवहाराच्या कामीं येऊं लागली होती. पोलिस आले म्हणजे मंडळी पांगत आणि गेले म्हणजे परत जमत. तेथल्या कलामंडळानें ह्यावर उपाय काढला तो असा कीं त्या जागेसाठीं शिल्पाची स्पर्धा लावावी. स्टीव्ह बॅडनस, विल मार्टिन, डॉना वॉल्टर आणि रॉस व्हाइटहेड ह्या चौघांची कल्पना पहिली आली. पुलाखालीं राहून वरून जाणाऱ्यांना खाऊं पाहणारा राक्षस हा उत्तर युरोपच्या लोककथांतला. तीन बोकड आणि हा राक्षस ह्यांची गोष्ट तिकडील प्रत्येक मुलाला पाठ. शेजारच्या बॅलर्ड भागांत नॉर्वे-स्वीडनहून आलेल्यांची जुनी वसाहत असल्यामुळें ही आजीबाईची गोष्ट ह्या मातींत परकी नव्हती. पूल तर होताच. तेव्हां राक्षस हवा.

नगरपालिकेच्या पैशांतून राक्षस! फाइलीवर हा विषय कसा दिसला असेल ह्याची कल्पना करावी. रस्त्यांत खड्डे असतांना हा खर्च कशाला, हा प्रश्न कोणत्याही नगरसभेंत उठतोच, आणि तो रास्तही असतो. परंतु येथें अर्धा भार वस्तीनें उचलला होता, आणि ज्या जागेवर पोलिसांचे तास फुकट जात होते तेथें माणसें स्वखुषीनें आपले तास द्यावयास निघालीं होतीं. निधींतून मदत मिळाली. लोखंडी गज, तारेची जाळी आणि काँक्रीट ह्यांचा १८ फूट उंचीचा, सुमारे ५,९०० किलो वजनाचा राक्षस १९९० सालीं पुलाखालच्या मातींतून अर्धा वर आला. एक डोळा केसांत दडलेला. दुसरा चकाकणारा, मोटारीच्या चाकावरील धातूच्या टोपीचा. डाव्या पंजांत त्यानें एक खरीखुरी फोक्सवॅगन गाडी पकडली आहे, जणूं नुकतीच वरच्या रस्त्यावरून ओढून घेतलेली.

मुलें त्याच्या हातावर चढलीं, नाकांत बोटें घालूं लागलीं, आणि आयाबापे खालीं उभे राहूं लागले. जेथें मुलें आणि आयाबापे आले तेथून गुप्त व्यवहार करणारे हलले. दरसाल ३१ ऑक्टोबरला, भुताखेतांच्या सणाच्या दिवशीं, राक्षसाचा वाढदिवस होतो. २००५ सालीं पुलाखालच्या रस्त्याला नगरपालिकेनें राक्षसाचेंच नांव दिलें.

निधि वाढत गेला. १९९१ सालीं हार्वर्ड विद्यापीठ आणि फोर्ड प्रतिष्ठान ह्यांच्या शासनसुधारणेच्या पारितोषिकानें त्याचा गौरव झाला. दीड लाखांचे २००१ सालापर्यंत पंचेचाळीस लाख डॉलर झाले. सगळें कलेवर गेलें नाहीं हें उघड आहे. खेळाचीं मैदानें, झाडें, वस्तीचे इतिहास असेंही पुष्कळ झालें. पण भिंतींवरचीं चित्रें आणि चौकांतलीं शिल्पें ह्यांचा वांटा लहान नव्हता. शेजाऱ्यांच्या अशा उद्योगाचें एक मासलेवाईक उदाहरण शहराच्या दक्षिणेकडील कोलंबिया सिटी ह्या वस्तींतलें. तेथें बाजारांतलीं दुकानें ओस पडून फळ्या ठोकलेलीं होतीं. रहिवाशांनीं त्या फळ्यांवर आपल्याला हवींशीं दुकानें रंगविलीं : खेळण्यांचें, पुस्तकांचें, आइस्क्रीमचें. चित्रें इतकीं हुबेहूब होतीं कीं लोक गाडी थांबवून आंत जावयास बघत. कालांतरानें तीं चित्रें उतरवावीं लागलीं, कारण फळ्यांमागें खरीं दुकानें आलीं.

मात्र एवढ्यावरून ह्या पद्धतींत दोष नाहीं असें समजणें भोळेपणाचें होईल. श्रमाला रोखीची किंमत दिली म्हणजे गरिबाला दार उघडलें, हें खरें. पण दोन पाळ्या करून घरीं येणाऱ्या बाईजवळ रोखीइतकाच शनिवारही दुर्मिळ असतो. वकील आणि वास्तुशास्त्रज्ञ ज्या गल्लींत राहतात तेथला अर्ज सुबक उतरतो, हें कोणत्याही गांवीं ठरलेलें. दुसरा दोष कलेच्या बाजूचा. दहा दारांत पसंत पडलेली वस्तु गोंडस होण्याकडे झुकते. सेराची पोलादी भिंत ओट्यावरच्या गप्पांतून कधींच पार पडली नसती, आणि ज्या शहरांत तशी भिंत उभी राहूंच शकत नाहीं तें शहर कांहीं बाबतींत गरीब आहे. सिअॅटलनें शेंकडा एकाची जुनी योजना मोडली नाहीं, ती निधीच्या जोडीला चालूच ठेवली, ह्यांत मोठें शहाणपण होतें. तज्ज्ञाच्या डोळ्याला एक थैली, शेजाऱ्यांच्या हाताला दुसरी.

फ्रिमॉण्टच्या बाबतींत तर आणखी एक गोष्ट घडली. राक्षसामुळें आणि त्याच्या भावंडांमुळें वस्तीचें नांव झालें. लोक मुद्दाम पाहावयास येऊं लागले. कचऱ्याची जागा गेली, तशी स्वस्ताईही गेली. १९९० नंतरच्या दशकाच्या अखेरीस अडोबी ह्या संगणकाच्या आज्ञावल्या करणाऱ्या कंपनीनें तेथें पाण्याकांठीं मोठी कचेरी थाटली, पुढें गूगलही आली. भाडीं चढलीं, आणि ज्या कडक्या कलावंतांच्या हौसेवर हें सारें उभें राहिलें त्यांतल्या अनेकांना तेथें राहणें परवडेनासें झालें. राक्षसाच्या पंजांतली ती फोक्सवॅगन प्रथम तांबडी होती, आणि तिच्या पोटांत पुढच्या पिढ्यांसाठीं कांहीं वस्तु ठेवल्या होत्या. त्यांत गायक एल्विस प्रेस्लीचा प्लास्टरचा अर्धपुतळा होता, तो कोणीतरी लांबविला. गाडी खऱ्या गाडीसारखीच, म्हणून तिला क्रमांकाची पाटीही लावलेली होती. दक्षिणेकडून येऊन घरांच्या किंमती चढविणाऱ्या नव्या श्रीमंतांना स्थानिकांनीं काढलेला तो चिमटा होता असें मानतात, कारण ती पाटी कॅलिफोर्नियाची होती. आणि अडोबी कंपनीचें मुख्य ठाणेंही कॅलिफोर्नियांतच आहे.